फ्रेंचवरून इटालियनकडे: एका वहीचे रकाने

स्वित्झर्लंडमध्ये दुधाच्या खोक्यावर ‘दूध’ तीनदा लिहिलेलं असतं: जर्मनमधलं मिल्श, फ्रेंचमधलं ले आणि इटालियनमधलं लात्ते. लोझानला होतो तोवर माझी नजर फक्त मधल्या शब्दावर जायची. फ्रेंच मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले होते आणि लोझान हे फ्रेंच बोलणारं शहर. तिसऱ्या ओळीशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मग नवऱ्याची नोकरी बेलिंत्सोनाला गेली. आल्प्सच्या दक्षिणेला तिचीनो नावाचा कँटन, म्हणजे स्विस राज्य, आहे, त्याची ही राजधानी, आणि इथली भाषा इटालियन. देश तोच, नोटा त्याच, दुधाचं खोकंही तेच. वाचायची ओळ तेवढी बदलली.

ओळखीतल्या प्रत्येकाने सांगितलं, “तुला फ्रेंच येतं ना, मग इटालियन काय, आपोआप येईल.” आपोआप काही आलं नाही. कागदावरचं इटालियन सुरुवातीपासून बरंचसं कळायचं, कानावर पडणारं अजिबात नाही, आणि तोंडून निघायचं ते फ्रेंचच. संध्याकाळच्या वर्गात बाईंनी ‘मी आहे, तू आहेस’पासून सुरुवात केली. त्यांच्या जागी तो क्रम बरोबरच होता, पण मला दुसऱ्या दिवशी मीठ आणायचं असे. शेवटी एक जाडजूड वही घेतली, तीन रकाने आखले, फ्रेंच, इटालियन आणि मराठी असे, आणि स्वयंपाकघरातली पाकिटं एकेक करून उतरवायला लागले. व्याकरण वर्गात, शब्द ओट्यावर अशी वाटणी झाली.

पहिलं पान भराभर भरलं. पाव म्हणजे पँ आणि पाने. तांदूळ री आणि रीसो. लोणी बर आणि बुर्रो. चीज म्हणजे फ्रोमाज आणि फोर्माज्जो. हा शब्द लॅटिन ‘फोर्मा’वरून आलेला, साच्यात घालून केलेलं ते. फ्रेंचांच्या तोंडी ‘फोर’चं ‘फ्रो’ झालं, आपल्याकडे नुकसानचं नुसकान होतं तसं. इटालियनांनी मात्र तो जुन्या फ्रेंचकडून ही उलथापालथ होण्याआधीच घेतला, त्यामुळे फ्रेंचचं जुनं रूप आज इटालियनांच्या ताटात सापडतं. त्यांचा स्वतःचा अस्सल शब्द ‘काचो’. काचो ए पेपे नावाचा पास्ता खाल्ला असेल तर तो तुम्हाला भेटलेला आहे.

मिठाने घरात हसू पिकवलं. इटालियनमध्ये मीठ म्हणजे ‘साले’. जेवताना नवरा मुद्दाम मोठ्याने “साले!” म्हणून हात पुढे करायचा, आणि व्हिडिओ कॉलवर नागपूरच्या सासूबाई असल्या की त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पाकिटावर वरच्या ओळीत ‘सेल’, खालच्या ओळीत ‘साले’. पण तीच खालची चार अक्षरं फ्रेंच डोळ्यांनी वाचली तर उच्चार ‘साल’ आणि अर्थ ‘घाणेरडा’. इंग्रजी डोळ्यांनी वाचली तर दुकानात सवलत लागलेली! सवलतीला इथे ‘आत्सिओने’ म्हणतात, लोझानला ‘आक्सिओं’ म्हणत. दोन्ही शब्द जर्मन स्विसांच्या ‘आक्त्सिओन’वरून पाडलेले. इटलीत जाऊन ‘आत्सिओने’ कुठे आहे विचारलं तर लोक बुचकळ्यात पडतील, तिथे ‘ओफेर्ता’ चालतं. फ्रान्समध्ये ‘प्रोमोसिओं’.

गव्हाच्या कोंड्याचं पाकीट फ्रेंचमध्ये ‘सों’ आणि इटालियनमध्ये ‘क्रुस्का’. ‘सों’चा अर्थ ‘आवाज’ही होतो आणि ‘त्याचा’ही. ‘क्रुस्का’ मात्र ओळखीचं वाटलं. फ्लॉरेन्समध्ये 1583 साली स्थापन झालेली भाषेची अकादमी याच नावाची: आकादेमिया देल्ला क्रुस्का, कोंड्याची अकादमी. पीठ ठेवायचं आणि कोंडा चाळून टाकायचा, असा त्यांचा भाषेबद्दलचा बाणा. 1612 मध्ये त्यांनी मोठा शब्दकोश काढला. चाळणीवाल्यांनी स्वतःला कोंडा म्हणवून घ्यावं हा विनोद मला फार आवडला. आपल्या एखाद्या साहित्य संस्थेने असं नाव घेतलं तर पहिल्याच सभेत ठराव येईल.

मसाल्यांच्या कप्प्यापाशी मी बरीच रेंगाळले. साखर म्हणजे स्युक्र आणि त्सुक्केरो: आपली शर्करा फारसी-अरबीतून इटलीला आणि तिथून फ्रान्सला पोचलेली. मिरी म्हणजे पुआव्र आणि पेपे, दोन्ही पिप्पलीपासून. संत्रं म्हणजे ओरांझ आणि आरांचा, दोन्हीकडे नारंग, फक्त पहिला ‘न’ वाटेत गळाला. आलं म्हणजे जँजांब्र आणि द्झेंद्झेरो. ऐकायला किती वेगळे, पण दोन्हींच्या मुळाशी शृंगवेर. आपण स्वतः ‘आर्द्रक’वरून आलेलं ‘आलं’ धरलं आणि शृंगवेर सोडून दिलं. ते जपलं कोणी, तर या लोकांनी.

धण्यांनी वेगळ्याच ठिकाणी नेलं. बेलिंत्सोनाला ‘राबादान’ नावाचा मोठा कार्निव्हल भरतो. त्यात रंगीत कागदाचे बारीक तुकडे उधळतात. फ्रेंचमध्ये, आणि आपल्या इंग्रजीतही, ते कॉन्फेटी. इथे त्यांना ‘कोरियांदोली’ म्हणतात. कोरियांदोलो म्हणजे कोथिंबीर, धणा. पूर्वी कार्निव्हलमध्ये साखरेत घोळलेले धणे उधळायचे, पुढे धण्यांच्या जागी कागद आला आणि नाव राहिलं. मग इटालियनमध्ये ‘कोन्फेत्ती’ म्हणजे काय? लग्नात, बारशाला वाटतात ते साखरेच्या कवचातले बदाम. आब्रुत्सोतलं सुल्मोना हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. फ्रेंचमध्ये त्याच बदामांना ‘द्राजे’. तिसऱ्या रकान्यात मी ‘हलवा, संक्रांतीचा’ असं लिहिलं. खसखशीवर किंवा तिळावर पाक चढवत नेणारी आई डोळ्यांसमोर असताना दुसरा शब्द सुचणं कठीण होतं.

शब्द वाढले तसे वहीत गट पडायला लागले. मी पाडले नाहीत, पानं उलटताना दिसले. बेलिंत्सोनाला तीन किल्ले आहेत, 2000 सालापासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. किल्ला इथे कास्तेल्लो, फ्रेंचमध्ये शातो. कुत्रा काने, शियँ. शेळी काप्रा, शेव्र. घोडा काव्हाल्लो, शव्हाल. गरम काल्दो, शो. महाग कारो, शेर. इटालियन जिथे ‘का’ म्हणते तिथे फ्रेंच ‘श’वर येते, हे एकदा कळल्यावर लोझानमधल्या निम्म्या वस्तूंना इटालियन नावं मीच लावू शकले. नळावर ‘सी’ अक्षर असेल तर दोन्ही भाषांत पाणी गरमच. घोटाळा करतं ते जर्मन ‘काल्ट’, कारण ते थंड.

दुसरा गट फ्रेंच स्वरांच्या डोक्यावरच्या त्या छोट्या छपराचा. रानडेत आम्ही ते नुसतं पाठ करायचो: खिडकी ‘फनेत्र’ला छप्पर, सण ‘फेत’ला छप्पर, जंगल ‘फोरे’ला छप्पर. का, हे कधी कोणी विचारलं नाही. इटालियन रकान्यात बघितलं तर फिनेस्त्रा, फेस्ता, फोरेस्ता. प्रत्येकात एक ‘स’. फ्रेंचमध्ये तो बोलण्यातून केव्हाच गेला होता, पण लिहिण्यात शतकानुशतकं राहिला. फ्रेंच अकादमीच्या कोशाची तिसरी आवृत्ती 1740 मध्ये आली तेव्हा असे मुके ‘स’ मोठ्या संख्येने काढून त्यांच्या जागी स्वरचिन्हं दिली. हॉस्पिटल म्हणजे ओपिताल आणि ओस्पेदाले, तीच गोष्ट. डोकं म्हणजे तेत आणि तेस्ता. लॅटिनमध्ये ‘तेस्ता’ म्हणजे मातीचं भांडं, खापर. सैनिकांच्या-बाजारातल्यांच्या टवाळ बोलीत डोक्याला मडकं म्हणायला लागले आणि दोन्ही भाषांत मडकंच शिल्लक उरलं. खरा लॅटिन शब्द ‘कापुत’. तो इटालियनमध्ये ‘कापो’ म्हणजे मुकादम झाला आणि फ्रेंचमध्ये, ‘का’चा ‘श’ होऊन, ‘शेफ’.

प्ल-क्ल-फ्लचा गट मी झटपट उरकला, कारण त्यात अपवाद कमी आणि गंमतही कमी: फ्लर-फिओरे, ब्लां-बिआंको, क्ले-किआवे, प्लास-पिआत्सा.

ज्याने मला खरं खिळवून ठेवलं तो गट दुधाचाच. ले, लात्ते. रात्र नुई, नोत्ते. आठ युइत, ओत्तो. लॅटिनमध्ये दुधाला ‘लाक्ते’, आठाला ‘ओक्तो’, सातला ‘सेप्तेम’. इटालियनने जोडाक्षरातलं पहिलं अक्षर दुसऱ्यासारखं करून घेतलं: लात्ते, ओत्तो, सेत्ते. हे मी कुठेतरी आधी पाहिलं होतं. संस्कृत ‘सप्त’चं प्राकृत ‘सत्त’, ‘दुग्ध’चं ‘दुद्ध’, ‘रक्त’चं ‘रत्त’. आणि मग मराठीने ते जोडाक्षरही सैल करून सात आणि दूध केलं. वर्गातून परत येताना बसमध्ये मी हे मांडत बसले. इटालियन प्राकृताच्या पायरीवर उभी आहे, सगळी अक्षरं ठसठशीत. फ्रेंच पुढे उतरत उतरत आपल्या पायरीवर आली, किंवा आपल्याही खाली गेली. ‘आक्वा’ हा शब्द झिजून फ्रेंचमध्ये नुसता ‘ओ’ उरलाय. अंड्याचं अनेकवचन नुसतं ‘अ’सारखं ऐकू येतं. ऑगस्ट महिना, इटालियन ‘आगोस्तो’, फ्रेंचमध्ये ‘ऊत’, आणि बरेच लोक तर ‘ऊ’ एवढंच म्हणतात. आज म्हणजे लॅटिन ‘होदिए’. इटालियनमध्ये ‘ओज्जी’ झालं. फ्रेंचमध्ये ते ‘ह्युई’ इतकं बारीक झालं की ऐकू येईना, म्हणून त्याला आधार द्यायला ‘आजच्या दिवशी’ असा अख्खा समास बांधला: ओजूर्दुई.

फ्रेंचमधला सगळ्यात जुना लेख 842 सालचा, स्ट्रासबुर्गला दोन राजांनी सैन्यासमोर घेतलेल्या शपथांचा. इटालियनमधला 960 सालचा, कापुआच्या एका जमिनीच्या खटल्यातली साक्ष. म्हणजे फ्रेंच कागदावर आधी आली आणि लॅटिनपासून लांबही ती जास्त गेली. माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. बोलणं लॅटिनपासून इतकं तुटलं होतं की सैनिकांना कळावी अशी शपथ घ्यायला वेगळं लिहिणं भाग पडलं. इटलीत लोकांना आपण अजून लॅटिनच बोलतोय असं वाटायला जास्त वाव होता.

ही सगळी मजा वहीत. रस्त्यावर वेगळंच चालायचं. नियमात बसणारे शब्द कधी अडले नाहीत, अडले ते हुबेहूब सारखे दिसणारे. बसमध्ये बसल्यावर आवाज येतो, “प्रोस्सिमा फेर्माता”. माझा फ्रेंच मेंदू लगेच ‘फेर्मे’ ऐकतो, म्हणजे बंद. फेर्माता म्हणजे थांबा. दोन्ही लॅटिन ‘फिर्मारे’पासून, पक्कं करणं. फ्रेंचांनी दार पक्कं केलं, इटालियनांनी गाडी. बंद दुकानाच्या दारावर इथे ‘किउझो’ असतं. लहान स्टेशनांवर विनंती केली तरच गाडी थांबते, तिथल्या पाटीवर फ्रेंचमध्ये ‘आरे’ आणि इटालियनमध्ये ‘फेर्माता’. ‘आरे’वर छप्पर, म्हणजे आत ‘स’ दडलेला: आरेस्तो. इटालियनमध्ये आरेस्तो म्हटलं की आधी पोलीस आठवतात. गाडीत चढायला ‘सालिरे’, आणि फ्रेंचमध्ये ‘सालिर’ म्हणजे मळवणं. ‘ग्वार्दारे’ म्हणजे बघणं, ‘गार्दे’ म्हणजे ठेवून घेणं. बाजारात “मी नुसतं बघतेय” हे सांगताना जीभ प्रत्येक वेळी जरा थांबते. कपडे मऊ करायच्या द्रवावर ‘मोर्बिदो’ लिहिलेलं असतं, म्हणजे मऊसूत, आणि फ्रेंच वाचणाऱ्याला तिथे रोगट, मरणाशी संबंधित असं काहीतरी दिसतं. गातो म्हणजे फ्रेंच केक, गात्तो म्हणजे इटालियन मांजर. मुलगी लोझानच्या मैत्रिणींशी फोनवर फ्रेंच आणि इथे वर्गात इटालियन बोलते. वाढदिवसाला काय हवं विचारलं की ती दोन्ही भाषांत तेच उत्तर देते, आणि दोन्ही मिळवायचा प्रयत्न करते.

तिचीनोच्या इटालियनची आणखी एक खोड आहे, तिच्यात फ्रेंच आणि जर्मन शेजाऱ्यांची ये-जा चालू असते. हॉटेलात इथले वेटर “तुम्ही कोमांदातो केलंत का?” असं विचारतात. फ्रेंच ‘कोमांदे’ म्हणजे ऑर्डर देणं, त्याचंच हे. मिलानमध्ये ‘ओर्दिनारे’ म्हणतात, आणि ‘कोमांदारे’ म्हणजे हुकूम सोडणं. टेबल राखून ठेवायला इथे ‘रिसेर्व्हारे’ चालतं, इटलीत ‘प्रेनोतारे’. माझ्यासारखीला हे वरदानच, फ्रेंच शब्दाला शेपूट लावलं की काम होतं. वर्गातल्या बाईंना ते फारसं रुचत नव्हतं. त्या मूळच्या इटलीतल्या बोलोन्याच्या.

नात्यांचं पान मात्र शेजारच्या आजींमुळे लिहिलं गेलं. त्या रोज एकदा तरी ‘मिओ निपोते’बद्दल सांगत: निपोते झुरिकला असतो, निपोतेला मुलगी झाली, निपोते फार उनाड. मला कळेना हा एकच माणूस आहे की तीन. इटालियनमध्ये नातू, नात, भाचा, भाची, पुतण्या, पुतणी या सगळ्यांना एकच शब्द, निपोते. मुलगा की मुलगी एवढं उपपदावरून कळतं, बाकी संदर्भ आपण लावायचा. फ्रेंचमध्ये निदान नातू वेगळा असतो, ‘पती-फीस’, आणि भाचा-पुतण्या मिळून ‘नव्हो’. मी आजींना सहा शब्द म्हणून दाखवले. त्यांनी कपाळाला हात लावला, “इतक्यांची गरज काय?” म्हणाल्या. मी म्हटलं, लग्नपत्रिका छापायची असते.

मग शोधायला बसले. हे निपोते आणि नव्हो लॅटिन ‘नेपोस’पासून, आणि तो आपल्या ‘नप्तृ’चा सख्खा भाऊ. त्याच नप्तृपासून मराठीत नातू आला. त्याहून मोठा धक्का काका-मामांनी दिला. फ्रेंचमध्ये काका-मामा दोघेही ‘ओंक्ल’, आत्या-मावशी-काकू-मामी सगळ्या ‘तांत’. पण लॅटिनला आपल्यासारखाच फरक कळत होता. काका पात्रुउस, मामा आव्हुन्कुलुस, आत्या आमिता, मावशी मातेर्तेरा. फ्रेंच ‘ओंक्ल’ आला आव्हुन्कुलुसवरून आणि ‘तांत’ आमितावरून. म्हणजे फ्रेंच माणूस सगळ्या काकांना मामा म्हणतो आणि सगळ्या मावश्यांना आत्या! इटालियनांनी या घरगुती भांडणातून अंग काढून घेतलं आणि ग्रीकांकडून ‘त्सिओ’, ‘त्सिआ’ आणले. सासूच्या बाबतीत इटालियन आपल्या बाजूला: सुओचेरा आणि सासू, सुओचेरो आणि सासरा, मूळ एकच, श्वश्रू-श्वशुर. फ्रेंचमध्ये सासूला ‘बेल-मेर’, शब्दशः सुंदर आई. नागपूरला मी फ्रेंचच सांगितलं.

जेवणाच्या वेळांचा गोंधळ लोझानलाच सुरू झाला होता. पुण्यात शिकले ते पॅरिसचं: सकाळी पती देजने, दुपारी देजने, रात्री दिने. लोझानला सगळं एक घर मागे: सकाळी देजने, दुपारी दिने, रात्री सूपे. कोणी ‘दिने’ला बोलावलं की आधी विचारायचं, किती वाजता? इटालियनमध्ये कोलात्सिओने, प्रांत्सो, चेना, आणि कोणी घर बदलत नाही. रक्ततपासणीच्या कागदावर ‘आ दिजुनो’ लिहिलेलं होतं, म्हणजे उपाशीपोटी, फ्रेंचमध्ये ‘आ जँ’. त्या ‘दिजुनो’ने कोडं सोडवलं: देजने म्हणजे उपास सोडणं. आणि कोश बघितला तर दिनेही त्याच क्रियापदापासून. फ्रेंच माणूस दुपारीही पारणं करतो आणि रात्रीही. तिसऱ्या रकान्यात दोन्हींसमोर ‘पारणं’ लिहिलंय.

आकड्यांत इटालियनने मोठी दया केली. पुण्यात सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात असं घोकलं होतं. वर्गात सगळे कुरकुरायचे, मला ते तितकं परकं वाटलं नाही, कारण गोवऱ्या विसांनी मोजणारी, ‘चार विसा’ म्हणणारी पिढी मी पाहिली आहे. लोझानला लोक सरळ सेप्तांत, ह्युइतांत, नोनांत म्हणतात, आणि बेलिंत्सोनाला सेत्तांता, ओत्तांता, नोव्हांता. फ्रान्समध्ये फोन नंबर जोडी-जोडीने सांगतात. पलीकडचा ‘सोआसांत’ म्हणाला की हात सहा लिहायला उतावीळ होतो, आणि मग मागून ‘दी-सेत’ येतं आणि ते सत्त्याहत्तर असतं. इटालियनमध्ये तसं काही नाही. एक गंमत मात्र फ्रेंचकडेच: ‘नफ’ म्हणजे नऊ आणि ‘नफ’ म्हणजे नवाही. संस्कृतात ‘नव’चे हेच दोन अर्थ. इटालियनने ते नोव्हे आणि नुओव्हो असे वेगळे केले, आपण नऊ आणि नवा असे.

उच्चारात मराठीने जी साथ दिली ती कोणी आधी सांगितली नव्हती. वर्गातल्या जर्मन आणि पोर्तुगीज मंडळींना जोडाक्षरं दाबून म्हणायला जमत नव्हती. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा, हा फरक बाई त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवायच्या. पता आणि पत्ता वेगळं म्हणत मोठं झालेल्याला त्यात काय! दुसरं म्हणजे आपले दोन ‘च’. चिमणीतला च म्हणजे ‘चाओ’मधला, चाकातला च म्हणजे ‘ग्रात्सिए’मधला. जीवातला ज म्हणजे ‘जोर्नो’तला, जावयातला ज म्हणजे ‘द्झांद्झारा’तला, म्हणजे डासातला. देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर असल्यामुळे आपल्याकडे चार आवाज आहेत हेच आपण विसरतो. फ्रेंचसाठी मात्र पुण्यात नाकातून बोलायचा सराव करावा लागला होता, आणि त्यात कोकणातल्या मैत्रिणी आमच्या कितीतरी पुढे होत्या.

लिंगाबद्दल थोडक्यात. समुद्र फ्रेंचमध्ये ती, इटालियनमध्ये तो. लॅटिनमध्ये तो नपुंसकलिंगी होता, दोन्ही लेकींनी ते लिंगच मोडीत काढलं आणि वाटणीत समुद्र असा फाटला. फूल फ्रेंचमध्ये ती, इटालियनमध्ये तो. दातही तसाच. याला नियम शोधू नये, पाठ करावं.

आजींशी बोलताना पंचाईत व्हायची ती आदराची. फ्रेंचमध्ये ‘व्हू’, म्हणजे आपलं तुम्ही, एकाच माणसाला अनेकवचन. इटालियनमध्ये ‘लेई’, ज्याचा अर्थ ‘ती’, आणि क्रियापद तृतीयपुरुषी. समोर बसलेल्या माणसाला “ती कॉफी घेईल का?” असं विचारायचं, तो माणूस मिशीवाला पोस्टमन असला तरी. वर्गात सगळे हसले. मला आमच्या घरातले पाहुणे आठवले: “पाहुण्यांनी हात धुऊन घ्यावेत”, “मामंजींनी आता बसावं”. समोरच्याला थेट न भिडता बाजूने बोलायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. त्या दिवसापासून ‘लेई’ मी मनात ‘-नी बसावं’ असं म्हणूनच वापरते आणि चुकत नाही.

वहीचे तीन रकाने असे बऱ्यापैकी भरत आले होते, तेवढ्यात आजींनीच ते मोडले. शनिवारच्या बाजारात त्या भाजीवाल्याशी बोलत होत्या आणि मला एक अक्षर कळेना. ती इटालियन नव्हतीच, तिचीनोची लोंबार्द बोली होती. पाव तिथे ‘पान’, वाइन ‘व्हीन’, शेवटचे स्वर फ्रेंचसारखे गळालेले. हृदय म्हणजे इटालियन ‘कुओरे’, पण त्या म्हणतात ‘कर’, फ्रेंच ‘कर’ला लागून. चंद्र म्हणताना ओठांचा तोच चंबू, जो पुण्यात ‘ल्युन’ शिकताना आरशासमोर करायला लावायचे. म्हणजे दोन्ही भाषांच्या मधला तुकडा इतके दिवस भिंतीपलीकडेच राहत होता. आता उजव्या समासात चौथा रकाना आखलाय. आजी एकेक शब्द देतात, आणि प्रत्येकासोबत एक ताकीद: हे आमच्या गावचं, पुढच्या दरीत असं म्हणत नाहीत. समास अरुंद आहे, दुसरी वही घ्यावी लागणार.